लेक कोण देतो?

“वहिनी, रागावू नका, पण हिला मीच देतो,” पौलसकाका म्हणाले आणि बशीतल्या चहाकडे बघत राहिले.

आई ओसरीवर बाबांना पेज भरवत होती. तिच्या हातातला चमचा तिथंच थांबला.

“तुम्ही का म्हणून भाऊजी? हिचा बाप काय मेलाय?”

“तसं कोण म्हणतंय? पण लग्नात पाळकसाहेब विचारणार, ‘या स्त्रीला या पुरुषाशी लग्न करण्यास कोण देतो?’ तेव्हा कोणीतरी ‘मी देतो’ म्हणायला लागतं. तोंडानं म्हणायला लागतं वहिनी. मान हलवून भागत नाही.”

पाळकसाहेब शेजारच्या खुर्चीवर बसले होते. नवीनच आले होते आमच्या चर्चच्या मंडळीत, उपासनेच्या क्रमाला फार जपणारे. त्यांनी हळूच मान डोलावली.

बाबांनी काकांकडे पाहिलं, मग पाळकसाहेबांकडे, मग माझ्याकडे. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून पेजेचा ओघळ आला तो आईनं पदरानं टिपला.

“मग,” बाबा म्हणाले. “मग, मग.”

एवढाच एक शब्द त्यांच्याजवळ उरला होता. नाताळ होऊन गेला आणि पुढच्याच आठवड्यात झटका आला; उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. तहान लागली तरी ‘मग’, कूस बदलायची असली तरी ‘मग’. पौलसकाका आधी आधी थट्टा करायचे, “दादाचं आख्यान ‘मग’वरच अडकलंय, पुढं सरकंना.” एकदा थट्टा करता करता त्यांनाच रडू कोसळलं, तेव्हापासून करत नव्हते.

आणि वाचा कुणाची गेली होती? ओहोळबुवांची. नगरपासून गोदाकाठापर्यंत ख्रिस्ती मंडळी जिथं जिथं होती, तिथं कापणीचा सण आला की कीर्तनाचं पहिलं बोलावणं आमच्या बोरटाकळीला यायचं. पांढरा फेटा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, ढोलकीवर पौलसकाका आणि मागं बसून झील ओढायला आई. बाबा पदाची पहिली ओळ म्हणायचे, आई मागून ती अर्ध्यावर उचलायची, घोळवायची आणि पुन्हा त्यांच्या हाती द्यायची. लहानपणी मला वाटायचं की एकाच माणसाला दोन गळे आहेत. बाबा उधळ्या पुत्राचं आख्यान लावायचे तेव्हा डुकरं चारणाऱ्या पोराला हसणारी माणसं घटकाभरानं डोळे पुसत बसायची. शब्दात देव असतो हे मी शाळेत शिकले नाही, बाबांच्या मागं सतरंजीच्या टोकावर बसून शिकले.

तो शब्दच देवानं काढून घेतला. आणि चैत्रात माझं लग्न ठरलेलं होतं.

“काकांनी दिलं तरी लग्न लागतंच,” पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले. “यात कमीपणा नाही, मार्थाबाई.”

आई काही बोलायच्या आत मी बोलले. मी, जिला मोठ्या माणसांच्या बैठकीत तोंड उघडायची सवय नव्हती.

“बाबांनी स्वतःच्या तोंडानं मला दिलं तर मी जाईन. नाही दिलं, तर देवाची इच्छा नाही असं समजेन, आणि इथंच राहीन.”

काकांच्या हातातली बशी कलंडली.

“गिदोनानं नाही का खळ्यात लोकर पसरली?” मी म्हणाले. “दवानं ती भिजू दे, अशी खूण मागितली, आणि देवानं दिली. मीही मागते.”

पाळकसाहेब गेल्यावर आईनं मला न्हाणीपाशी गाठलं. “लोकर पसरतेय,” ती दात आवळून म्हणाली. “गिदोनाला लढाईला जायचं होतं. तुला काय, मकासऱ्यांच्या घरी भाकरी थापायला जायचंय. देवाची परीक्षा घेतेस? आणि यांना काय वाटलं असेल, कळतं का तुला? सगळं कळतं त्यांना. नुसतं बोलता येत नाही.”

“मग तूच सांग, तुला एकटीला टाकून मी इतक्या लांब कशी जाऊ? बाबांना उचलून न्हाणीत कोण नेणार?”

“ते माझं मी बघीन.”

“बघशील गं. तुझी कंबर बघेल का?”

अनुग्रह मकासरे, माझा नियोजित वर, थेट विदर्भात, मेळघाटाच्या पायथ्याला एका दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत कामाला होता. इथून दोन गाड्या बदलून जावं लागायचं. स्थळ बाबांनीच आणलं होतं, बोलता येत होतं तेव्हा. मुलगा निर्व्यसनी, देवभीरू, सगळ्यांना पसंत. मलाही वाईट वाटला नव्हता.

त्या दिवशी दिवेलागणीला आम्ही नेहमीप्रमाणे प्रार्थनेला बसलो. झटका आल्यापासून आमच्या घरी गाणं बंद होतं. आई शास्त्रातला एखादा भाग वाचायची, आम्ही डोळे मिटायचो, संपलं. कोण गाणार? पण त्या संध्याकाळी आई वाचायला बसली आणि तिला वाचवेना. पुस्तक मिटून तिनं मांडीवर ठेवलं, माझ्याकडे पाठ केली आणि गायला लागली.

आता यातली मेख अशी की आईनं जन्मभर झील ओढलेली. पदाची पहिली ओळ तिनं कधी म्हटलीच नव्हती; ती बाबांची. सांजेचं पद बाबांनीच रचलेलं, रोजचं:

दिवा लागे घरीं, येई सांजवेळ,
तूंच माझें बळ, येशू राया.

आईनं सुरुवात केली ती थेट ‘तूंच माझें बळ’पासून. तिच्या गळ्याला तीच जागा माहीत. आणि एकटीनं म्हणायचं म्हणून ठेकाही धरला तो भलत्याच मात्रेवर. ऐकवत नव्हतं. ती तशीच पुढं रेटत होती, सूर भरकटलेला, आवाज रडवेला.

बाबा अस्वस्थ झाले. खाटेवर चुळबुळ सुरू झाली. चांगल्या, डाव्या हातानं त्यांनी मांडीवर थाप मारली. आई थांबली नाही. पुन्हा थाप मारली, जोरानं, ठेका कुठं आहे ते दाखवायला. आणि मग,

“दिवा लागे घरीं,” बाबा गायले. “येई सांजवेळ.”

आवाज जाडसर झाला होता, एका बाजूनं घसरत होता, पण शब्द शब्द उमटला. आई गप्प झाली. मी देव्हारा नसलेल्या आमच्या त्या घरात, भिंतीवरच्या क्रुसाखाली, गुडघ्यांवरच होते. बाबा थांबून आईकडे बघत होते. जरा चिडूनच बघत होते. झीलकऱ्यानं झील सोडली की बघायचे तसे.

“तूंच माझें बळ,” आईनं उचललं.

“येशू राया,” बाबांनी संपवलं, आणि आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी डावा हात स्वतःच्या ओठांवर ठेवला. काही बोलायला गेले. “मग,” एवढंच बाहेर आलं. पुन्हा प्रयत्न केला, “मग, मग,” आणि डोळे भरून आले. आई उठली, त्यांच्या पायथ्याशी जाऊन बसली, आणि पुन्हा तेच पद म्हणायला लागली. या वेळी मुद्दाम चुकीचं. बाबांनी पुन्हा दुरुस्त केलं.

त्या संध्याकाळी आम्ही जेवलोच नाही. जितकी पदं आठवली तितकी आई मधूनच सुरू करायची आणि बाबा तिला आरंभाला आणून सोडायचे. माझ्या अंगावरचा काटा काही केल्या जात नव्हता. मेलेल्या लाजराच्या थडग्यावरची धोंड लोटली आणि तो उठून बाहेर आला तेव्हा बाजूला उभ्या असलेल्या माणसांना असंच झालं असेल. आनंद तर होताच, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. देव इतक्या जवळ येऊन उभा राहिला की वाटते तशी.

दुसऱ्या दिवशी आईनं दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई हसल्या. “असं होतं कधी कधी,” त्या म्हणाल्या. “बोलणं डोक्यात एका बाजूला राहतं, गाणं जास्त पसरून राहतं. एक दार बंद झालंय, दुसरं उघडं आहे. पण जे आधीपासून आत आहे तेच बाहेर येईल. मुरलेलं, घोटलेलं. नवं काही मागू नका त्यांच्याकडून.”

“म्हणजे हे देवाचं नाही?” आईनं विचारलं.

“तसं मी कुठं म्हटलं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “दार कुणी ठेवलं, ते आमच्या पुस्तकात नाही.”

‘मी देतो’ हे काही बाबांचं मुरलेलं पद नव्हतं. पण आई घरी येता येता वाटेतच थांबली म्हणे, आणि बांधावर बसली. तिला इसहाक आणि रिबकेचं आख्यान आठवलं होतं. बाबा लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात हमखास लावायचे ते. अब्राहामाचा सेवक परदेशात येतो, विहिरीवर रिबका भेटते, तो तिच्या घरी जाऊन तिला आपल्या धन्याच्या मुलासाठी मागणी घालतो. तिथं रिबकेचा बाप तिला देतो, ते पद:

घे रे पाहुणिया, हातीं हिचा हात,
बोलला जो नाथ, आम्ही काय?
माझ्या ओसरीची सांजवात नेई,
देतों तुज, घेई, देव साक्षी.

“यात ‘देतों’ आहे,” आई म्हणाली. “तोंडानं म्हणायचं ना? गाऊन म्हणतील.”

पाळकसाहेबांना हे पटवणं सोपं नव्हतं. “क्रमात ‘मी देतो’ असं स्पष्ट लिहिलंय,” ते म्हणाले. “गाण्यात उत्तर द्यावं असं कुठं आहे?”

“गाऊ नये असं तरी कुठं आहे साहेब?” पौलसकाका म्हणाले. “आणि स्वर्गात काय सगळे नुसतं वाचूनच दाखवणार आहेत?”

पाळकसाहेब हसू आवरत म्हणाले, “बरं. पण चर्चात ढोलकी नको, चिपळ्या नकोत. नुसता आवाज.”

“ढोलकीशिवाय दादा म्हणजे मिठाशिवाय पिठलं,” काका कुरकुरले, पण कबूल झाले.

मग रोज दिवेलागणीला तालीम. मी पाळकसाहेबांचा प्रश्न विचारायची, आई सूर द्यायची, आणि बाबा ‘घे रे पाहुणिया’ म्हणायचे. एकदाही चुकले नाहीत. ‘देतों’ या शब्दावर ते जरा रेंगाळायचे, माझ्याकडे बघायचे. आई डोळ्यांनी मला म्हणायची, बघ, तुझी लोकर भिजली.

मला आनंद व्हायला हवा होता. पण रात्री मी एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत बसायची. खूण मिळणार होती. म्हणजे जावं लागणार होतं. मी देवाशी सौदा केला होता आणि देव तो पाळायला निघाला होता. आईची वाकलेली कंबर बघितली की वाटायचं, बाबा चुकू देत. आणि अनुग्रहचा चेहरा आठवला की वाटायचं, नको, चुकायला नकोत.

लग्नाच्या थोडे दिवस आधी तो बस्त्याच्या निमित्तानं आला. ओसरीवर आम्ही दोघंच होतो घटकाभर.

“तुमच्या आई म्हणत होत्या, तुम्ही लोकर पसरलीय,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि ती कोरडीच राहिली तर?”

“तर मी इथंच.”

त्यानं टोपी गुडघ्यावर नीट बसवली. “मग मी परत जाईन. पण माझ्या आईला तेवढं तुम्हीच सांगा. तिच्यापुढं माझी पण वाचा जाते.”

मला हसू आलं. त्यालाही आलं. आत बाबा खाटेवर पडल्या पडल्या आमच्याकडेच बघत होते, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

लग्नाच्या सकाळी चर्च भरून गेलं. बाबांचं कीर्तन ऐकलेली माणसं लांबलांबून आली होती. बातमी पसरली होतीच. बाबांना पांढरं धोतर, फेटा, उपरणं, सगळं आईनं कीर्तनाला नेसवावं तसं नेसवलं. डाव्या हातानं त्यांनी माझं कोपर धरलं. पकड घट्ट होती, मला दुखेल इतकी. लुळा पाय ओढत ओढत आम्ही मधल्या वाटेनं पुढं गेलो. त्यांना आधार मी देत होते की ते मला, सांगता यायचं नाही.

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. वाचन झालं, प्रार्थना झाली. मग त्यांनी चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं आणि नेहमीपेक्षा सावकाश विचारलं,

“या स्त्रीला या पुरुषाशी लग्न करण्यास कोण देतो?”

पहिल्या बाकावरून आईनं बारीक आवाजात सूर दिला. चर्चात पंख्याचा सुद्धा आवाज नव्हता, वीज नव्हती त्या दिवशी. बाबा गप्प. आईनं पुन्हा सूर दिला. पौलसकाकांची बोटं बाकाच्या फळीवर ठेका धरायला लागली, पाळकसाहेबांनी पाहिलं आणि चालू दिलं. बाबा गप्पच. मागून कुणीतरी हुंदका दाबला. मला वाटलं, झालं. लोकर कोरडी. माझ्या छातीत काय झालं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही: मला हायसं वाटलं नाही. खळ्यात पसरलेलं सगळं माझं कुणीतरी उचलून नेलं असं वाटलं.

तेव्हा बाबा माझ्याकडे वळले. पाळकसाहेबांकडे नाही, अनुग्रहकडे नाही. अगदी माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी गायला सुरुवात केली.

जाशील का बाळे, परक्या गांवासी,
सोडून आम्हांसी, सांग आतां?

हे पद दुसरं होतं. तालमीत एकदाही म्हटलेलं नव्हतं. त्याच आख्यानात पुढं येतं. बापानं रिबकेला देऊन टाकल्यावर सकाळी सेवक निघायची घाई करतो, तेव्हा घरचे म्हणतात, थांबा, मुलीलाच बोलवू, तिच्याच तोंडून ऐकू. आणि मग तिला समोर उभी करून विचारतात. कीर्तनात या पदाला रिबकेचं उत्तर असे, आणि ते नेहमी आई म्हणायची. झील म्हणून. बाबांनी प्रश्न टाकावा आणि मागून आईनं तो उचलावा, हे मी जन्मभर ऐकलेलं. आईचा उत्तराचा सूर कधी अर्ध्या मात्रेनंही उशिरा आला नव्हता.

मी आईकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले होते. उत्तर तिच्या जिभेवर येऊन बसलेलं मला दिसलं. आणि तिनं पदराचा बोळा करून तोंडावर दाबून धरला.

जागा रिकामी राहिली.

बाबा वाट बघत होते. सगळी मंडळी वाट बघत होती. मला गाता येत नाही. आमच्या घरात जन्मून मी कधी चार माणसांत तोंड उघडलं नाही. अनुग्रह खाली बघत उभा होता, त्याचे कान लाल झाले होते. या सगळ्या दिवसांत स्थळ बघितलं गेलं, तारीख धरली गेली, खूण मागितली गेली, आणि मला काय हवं ते मी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं. मी ते देवावर ढकलून मोकळी झाले होते. आता ते परत माझ्यापुढं येऊन उभं होतं, आणि बाबांच्या डोळ्यांतून माझ्याकडे कोण बघतंय ते मला समजेना.

“जाईन मी बाबा,” मी म्हणाले. म्हणाले काय, गायले. बेसूरच असेल. “देव मज नेई. त्याचे हातीं देई हात माझा.”

पौलसकाकांनी फळीवर सम दिली, आणि मग मागच्या बाकांपासून सगळी मंडळी तेच पद घेऊन उठली. बाबांच्या कीर्तनांनी घडवलेली मंडळी ती. कुणाला शिकवावं लागलं नाही. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटून हातात धरलं होतं, आणि त्यांचेही ओठ हलत होते.

कोपरावरची बाबांची पकड सुटली. एकेक बोट सावकाश उघडलं, आणि मोकळा झालेला तो हात त्यांनी अनुग्रहच्या खांद्यावर ठेवला. ‘देतों’ हा शब्द त्यांनी म्हटलाच नाही. तो दुसऱ्या कुणी मागितलाही नाही.

“मंडळीनं ऐकलं आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “आपण पुढं जाऊ.”

दुपारी जेवणं उरकल्यावर आई मला पोचवायला फाट्यावर आली. अनुग्रहचे लोक ट्रंका चढवत होते. मी तिला बाजूला घेतलं.

“आई, बाबांचं पद चुकलं का गं? का त्यांनी मुद्दाम तेच म्हटलं? डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, त्यांच्या मनानं काही येणार नाही म्हणून.”

“मला ठाऊक नाही.”

“आणि तू का नाही उचललंस? तुझ्या तोंडात आलं होतं, मी बघितलं.”

आईनं ट्रंकांकडे बघितलं, मग रस्त्याकडे.

“इतकी वर्षं झील ओढतेय,” ती म्हणाली. “आज पहिल्यांदा वाटलं की हे मला विचारलेलं नाही.” मग तिनं माझ्या डोक्यावरचा पदर नीट केला, केला तसाच पुन्हा केला. “कंबरेचं माझ्या बघेन मी. भाऊजी आहेत, मंडळी आहे. तू देवाला विचारलंस, त्यानं तुलाच विचारलं. आता मला काय विचारत बसलीस? गाडी सुटतेय, चढ.”

मी चढले.